गॅलरी धरत नाहीत

चाळीच्या पुनर्विकासासाठी खोलीची मापं घ्यायला आलेला मुलगा पंचविशीचा असेल. उंबऱ्याबाहेर बूट काढून आत आला म्हणून आईच्या मनात लगेच भरला. हातात मोबाइलएवढं लेझरचं यंत्र. एका भिंतीला टेकवायचं, समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडला की आकडा वाचायचा, आणि सोबतच्या पोराने तो फॉर्मवर लिहायचा. रुंदी 10 फूट. लांबी 16 फूट 2 इंच. आईचा 55 वर्षांचा संसार दीड मिनिटात मोजून झाला.

"मोरी धरलीत ना?" आईने विचारलं.

"धरली, आजी."

"आणि माळा?"

"माळा नाही धरत."

"अरे, तीन मुलांची एसेसी झालीय त्या माळ्यावर."

मुलगा हसला. आई दारापर्यंत गेली आणि बाहेर हात करून म्हणाली, "मग ही गॅलरी?"

"गॅलरी धरत नाहीत, आजी. कॉमन असते ती."

आईने मान हलवली आणि त्या दोघांना कोकमाचं सरबत दिलं. माझ्या मात्र ते डोक्यात राहिलं. डोंबिवलीला परतताना दादरला गाडी बदलली, नशिबाने खिडकी मिळाली, तेव्हा मी तिकिटामागे हिशेब केला. आमच्या मजल्यावर 9 खोल्या, 10 फुटी एकेक. म्हणजे गॅलरी 90 फूट लांब, रुंदीला 4. झाले 360 चौरस फूट. तीन मजल्यांचे 1080. (तळमजल्याला गॅलरी नसते, ओटे असतात. तेही धरत नाहीत.) आमच्यासारख्या जवळजवळ सात खोल्या मावतील एवढी जागा, आणि कागदोपत्री ती कुणाचीच नव्हती.

चाळ गिरगावातली, ठाकूरद्वार आणि प्रार्थना समाज यांच्या मधे कुठेतरी. वाडीचं नाव लिहीत नाही, कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधीच पुरेशी भांडणं आहेत.

या गॅलरीचे नियम कुणी लिहिलेले नव्हते, पण होते. खोलीसमोरचा कठडा त्या खोलीचा. त्यावर गोधडी त्यांचीच वाळणार. पण कठड्यापासून भिंतीपर्यंतची वाट सगळ्यांची. तिथे बादली ठेवलीत तर शेजारीण काही बोलायची नाही, फक्त जाता-येता पायाने सरकवायची, दिवसातून दहा वेळा. मे महिन्यात रात्री जेवणं झाली की वळकट्या बाहेर यायच्या. झोपायचा क्रम ठरलेला. जिन्याच्या बाजूला पुरुष, मधे मुलं, संडासाच्या टोकाला कुणीच नाही. तिसऱ्या खोलीतल्या आजोबांची खाट बारा महिने बाहेरच असायची, कारण आत सून-मुलगा-नातवंडं मिळून सात जण. ते आजोबा ठार बहिरे. मजल्यावरच्या सगळ्या बायकांनी आपापली गाऱ्हाणी त्यांच्या खाटेशी उभं राहून सांगितलेली आहेत. ऐकू येत नसताना ते अगदी योग्य जागी "हं" म्हणायचे.

फोन अख्ख्या चाळीत एक, पहिल्या मजल्यावर. आमच्या सगळ्यांच्या लग्नपत्रिकांवर तोच नंबर, पुढे कंसात पी.पी., म्हणजे फोन दुसऱ्याचा, बोलावून देतील. फोन आला की पहिल्या मजल्यावरून हाक निघायची, दुसऱ्यावरचं एखादं पोर ती झेलून पुढे फेकायचं, आणि आपण धावत पोहोचेपर्यंत फोन कुणाचा आणि कशासाठी हे निम्म्या चाळीला ठाऊक झालेलं असायचं.

हे वाचायला गोड वाटतं. सतराव्या वर्षी मला ही गॅलरी असह्य व्हायची. आमची खोली शेवटून दुसरी. घरी पोहोचायचं तर सात दारांवरून जावं लागे, आणि सातही दारं उघडी. "आज उशीर?" "नवीन चप्पल वाटतं?" "कॉलेज तर दीडला सुटतं ना?" एकदा एका मुलाबरोबर चौपाटीवर भेळ खाल्ली. खरोखर फक्त भेळ. मी जिना चढण्याआधी बातमी जिना चढली होती. आईने काही विचारलं नाही, पण ताटात भात वाढताना म्हणाली, "पोट भरलेलं असेल तुझं." डोंबिवलीचं स्थळ आलं तेव्हा मुलाच्या पगाराआधी मी विचारलं होतं, दार बंद होतं का? ब्लॉक आहे का?

आणि संडास. चाळीवर जीव ओवाळून टाकणाऱ्या लेखांत तो कधी नीट येत नाही, म्हणून सांगते. 9 खोल्यांना मिळून 3, गॅलरीच्या टोकाला. त्यातल्या एकाची कडी मी शाळेत असल्यापासून तुटलेली, तिथे आतून सुतळी धरून बसायचं. सकाळी बादल्यांची रांग. माणसं नंतर यायची, आधी बादल्या नंबर लावायच्या. बाळंतीण असो, जुलाब झालेलं पोर असो, पाळी असो, तेवढं अंतर नऊ घरांच्या नजरेसमोरून चालत जायचं. आजी शेवटच्या वर्षात रात्री पाणी प्यायचीच नाही. का ते कुणी विचारलं नाही, सगळ्यांना माहीत होतं. तरी एका पहाटे ती उठली, दिव्याचं बटण सापडलं नाही, आणि गॅलरीत पडली. खुबा मोडला. त्यानंतर ती चार महिने होती.

म्हणून पुनर्विकासाचं पहिलं पत्र आलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आणि आईच्या चेहऱ्यावर हसू, असा उलटा प्रकार झाला. मी काहीतरी म्हणाले असेन, आठवणी वगैरे. आई म्हणाली, "तुझ्या घरात दोन संडास आहेत. मला एक हवाय. बाकी ते आठवणींचं तू लिही."

लिहितेय.

वडिलांची भाडेपावत्यांची फाइल माझ्याकडे आहे. मी प्राथमिक शाळेत असतानाचं भाडं 19 रुपये. खोली सोडली तेव्हा कर, दुरुस्तीचा उपकर, सगळं धरून दोनशेच्या आत. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी 1940 सालच्या पातळीवर गोठवली. युद्ध, फाळणी, शहरात लोटलेली माणसं, अशा वेळी भाडेकरूला रस्त्यावर काढता येऊ नये म्हणून केलेला तो कायदा, आणि त्याने माझ्या आजोबांसारख्या कारकुनाला गिरगावात टिकवलं. पण 19 रुपयांत मालक कौल तरी बदलेल का? त्याने हात वर केले. मग 1969 साली दुरुस्ती मंडळ आलं, उपकर सुरू झाला. तेव्हा बेट-शहरात अशा उपकराच्या इमारती 19,642 होत्या. पुढे 1999 चा कायदा आला, त्याने वर्षाला 4 टक्के भाडेवाढ दिली. 19 रुपयांचे 4 टक्के. मालकाला शिव्या घालत आम्ही मोठे झालो. आता वाटतं, तोही बिचारा पावती छापायच्या खर्चात बुडाला असेल. (हे आईसमोर बोलत नाही.)

चाळीला टेकू लागले ते मी लग्न होऊन गेल्यावर. आधी दोन, मग सात. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते, ती आमच्याकडे दहावीच्या निकालासारखी वाचली जायची. 31 ऑगस्ट 2017 ला भेंडीबाजारातली हुसैनी इमारत सकाळी सकाळी कोसळली, 30 हून अधिक माणसं गेली. गिरगावातून चालत वीस मिनिटांवर. त्या दिवशी संध्याकाळी आमच्या गॅलरीत पहिल्यांदाच कुणी कठड्याला टेकून उभं नव्हतं. सगळे भिंतीच्या बाजूला.

गिरगावचं एक मला नेहमी गमतीचं वाटत आलंय. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, खेतवाडी, मुगभाट, बोरभाट. पत्ता सांगतोय की बाजाराची यादी? किनारपट्टीच्या बोलीत भाट म्हणजे बागायत, आणि वाडीही तीच. नारळी-पोफळीच्या, भाजीपाल्याच्या बागा होत्या, त्या तोडून घरं आली, घरं मोडून चाळी आल्या. 1896 च्या प्लेगनंतर सरकारने 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला, हवा-उजेड खेळावा म्हणून दाट वस्ती फोडून सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट काढले. तेव्हा ज्यांची घरं त्या रेषेत आली त्यांनीही गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मागे वळून पाहिलंच असेल. म्हणजे मी ज्याच्यासाठी हळहळतेय ती चाळ स्वतःच कुणाच्या तरी फणसाच्या झाडावर उभी आहे.

वडिलांचं दुःख वेगळंच. त्यांचा जीव ट्राममध्ये. 31 मार्च 1964 ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, ते पाहायला ते मित्रांबरोबर रात्री गेले होते. तिथली गर्दी ते आम्हाला इतक्या वेळा सांगायचे की आम्ही भावंडं पाठीमागून ओठ हलवायचो. दुसरं त्यांचं दुःख मॅजेस्टिक सिनेमाचं. भारतातला पहिला बोलपट 14 मार्च 1931 ला त्या थिएटरात लागला, आणि तिथे आता शॉपिंग सेंटर. मी ते शॉपिंग सेंटरच पाहत मोठी झाले. माझ्या लेखी मॅजेस्टिक म्हणजे तेच. वडील त्याच्यासमोरून जाताना मान फिरवायचे आणि मी आत बांगड्या बघायला जायची.

खोताची वाडी अजून आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभूंच्या नावाची, वस्ती मुख्यतः ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची. लाकडी घरं, बाहेरून जिने, व्हरांडे, मधे क्रूस. लहानपणी अनंताश्रमात वडिलांचा हात धरून मासे खायला जायचे, तिथल्या वाढप्याने कधी कुणाकडे पाहून हसल्याचं आठवत नाही, पण आमटी अशी की माणसं अपमान गिळून परत यायची. ते बंद झालं. वाडीतली घरंही एकेक करून कमी होताहेत. आता शनिवार-रविवारी तिथे कॅमेरे घेऊन मुलं येतात. आमच्या चाळीचा फोटो काढायला कुणी आलं नाही. सुंदर असणं वेगळं आणि नुसतं जुनं असणं वेगळं.

मेट्रोचं काम सुरू झालं तेव्हा जगन्नाथ शंकरशेठ रस्त्यावरच्या काही इमारती गेल्या. रस्ताच इतका अरुंद की स्टेशनची तोंडं काढायची तरी कुठे? लोक रस्त्यावर उतरले, आंदोलनं झाली, मग त्याच भागात पुनर्वसनाचं ठरलं. आमची चाळ रेषेत नव्हती. पण जमिनीखाली यंत्र चालू असताना आईच्या फडताळातले कप रात्री बारीक वाजायचे. ती भावाला फोन करून सांगायची, "ऐक." फोन कपांजवळ धरायची.

ऑक्टोबर 2025 मध्ये वरळी ते कफ परेड हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि आरेपासूनची साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी लाइन पुरी झाली. दिवाळीत मी मुद्दाम त्या गाडीने गिरगावला गेले. गार, स्वच्छ, कुणाचा धक्का नाही. गिरगाव स्टेशनवर उतरून सरकत्या जिन्यावर उभी राहिले, आणि मनात विचित्र विचार आला की आत्ता मी आमच्या शाळेच्या वाटेच्या बरोबर खाली आहे. वर येऊन बाहेर पडले आणि क्षणभर दिशाच कळेना. ज्या रस्त्यावर डोळे मिटून चालले असते त्या रस्त्यावर मी, जन्माने गिरगावकरीण, पाटी शोधत उभी. नाना शंकरशेठांची मात्र गंमत वाटली. आशियातल्या पहिल्या प्रवासी रेल्वेच्या संचालकांपैकी एक, 1853 साली पहिली गाडी धावली ती पाहिलेला माणूस. घर गिरगावात, रस्त्याला नाव गिरगावात, आणि मेट्रोने त्यांच्या नावाचं स्टेशन दिलं ते मुंबई सेंट्रलला. त्यांनाही गिरगावातून बाहेर पडावं लागलं म्हणायचं.

संमतीच्या मीटिंगा वाडीच्या चौकात व्हायच्या. पूर्वी 70 टक्के भाडेकरूंची संमती लागायची, आता 51 पुरते. आमच्याकडे ती गोळा व्हायला तरी चार वर्षं गेली, कारण प्रत्येक खोलीत निदान तीन वारस आणि त्यांतला एक न्यू जर्सीत. बिल्डरच्या माणसाने भिंतीवर पडदा लावून प्लॅन दाखवला. किमान 300 चौरस फूट, फंजिबल म्हणजे वरचं जादा क्षेत्र धरून 405. आमच्या 160 चे 405! लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मीही वाजवल्या. खोट्या नव्हत्या त्या. स्वतंत्र संडास-बाथरूम, लिफ्ट, पार्किंग, सोसायटी ऑफिस, व्यायामशाळा. मग दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "गणपती कुठे बसणार?"

प्रश्न साधा नव्हता. गिरगावातच, केशवजी नाईकांच्या चाळीत, 1893 साली मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव झाला, 1901 मध्ये टिळक तिथे येऊन गेले. तो चाळीच्या चौकात झाला, कारण वरच्या सगळ्या गॅलऱ्या त्या चौकाकडे तोंड करून होत्या. व्याख्यान असो, मेळा असो, बाल्कनीचं थिएटर आपोआप तयार. प्लॅनवाल्याने बोटाने पडदा पुढे सरकवला. "पोडियमवर जागा आहे ना, मॅडम. सातव्या मजल्यावर. परमिशन घ्यायची." गणपती सातव्या मजल्यावर न्यायचा तर लिफ्टमध्ये मावेल तेवढाच आणायचा, यावर पुढची पंधरा मिनिटं चर्चा झाली. आईने माझ्या कानात विचारलं, "आणि दार कुठे उघडतं?" मी प्लॅन निरखला. दार लिफ्टसमोरच्या बोळात उघडत होतं. समोरासमोर दोन दारं, मधे खिडकी नाही.

मला खरी धास्ती वाटते ती मेंटेनन्सची. लिफ्ट, पंप, वॉचमन, आग विझवायची यंत्रणा, एवढं सगळं दोनशेत चालत नाही. कॉर्पसच्या, म्हणजे बिल्डर देणार त्या ठेवीच्या, व्याजातून भागेल असं सांगतात. ज्यांच्या खोलीत आता फक्त एक पेन्शन आहे ती घरं किती वर्षं भागवतील? आमच्या शेजारच्या वाडीत टॉवर होऊन काही वर्षं झाली. तिथले निम्मे जुने लोक घर भाड्याने देऊन किंवा विकून माझ्याच गाडीने डोंबिवली-बदलापूरला जातात. त्यांना कुणी हाकललं नाही. चांगली किंमत आली, मुलाला वेगळी खोली हवी होती, सरळ व्यवहार. मीही दुसरं काही केलं नसतं. गिरगाव बुलडोझरखाली गेलं म्हणायला सोपं पडतं, पण खरं म्हणजे आम्ही ते एक-एक सही करून सोडलं, आणि बऱ्याच जणांनी, माझ्यासारख्यांनी, पत्र यायच्या कितीतरी आधी.

चाळ गेल्या डिसेंबरात रिकामी झाली. आई सध्या माझ्याकडे. पहिल्या आठवड्यात तिने संध्याकाळी प्लास्टिकची खुर्ची दाराबाहेर लिफ्टसमोर नेऊन ठेवली आणि तांदूळ निवडत बसली. तिसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर कागद लागला, पॅसेजमध्ये सामान ठेवू नये. आईने मला तो मोठ्याने वाचायला लावला. "सामान," ती म्हणाली. बाकी काही नाही. आता ती बाल्कनीत बसते. तिथून समोरच्या इमारतीच्या बाल्कन्या दिसतात, सगळ्यांना जाळ्या. मात्र रात्री दोन वेळा उठते, दिवा न लावता जाते, आणि सकाळी चहा घेताना एखादी श्रीमंती सांगावी तसं सांगते.

पाडायच्या आधी जानेवारीत एकदा तिला घेऊन गेले. खिडक्या-दारं निघालेली, टेकू तसेच. जिन्याखाली लाकडांचा ढीग. जुन्या चाळींचं बर्मा सागवान आता मिळत नाही म्हणतात, त्याला चांगला भाव असतो. जुनं लाकूड घेणारा ठेकेदार दुसऱ्या मजल्यावर होता, आमच्याच गॅलरीत. वर जाऊ देत नव्हते, म्हणून आम्ही चौकातून पाहत उभ्या राहिलो. त्याने कठड्यावर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावला, खांबाला खिळा घासून आतला रंग पाहिला. मग खिशातून टेप काढली. लेझर नव्हतं त्याच्याकडे, साधी पोलादी टेप. खांब 9 फूट, 5 बाय 5. कठड्याची फळी, लांबी अमुक. खालचे गज मोजून. तो आकडे पुकारत होता आणि एक पोरगा वहीत घनफुटांचा हिशेब लिहीत होता. शेवटच्या खोलीपासून त्याने सुरुवात केली होती. आमच्या दारासमोर आला तेव्हा आईने माझा दंड धरला.

"हा धरतोय की," ती म्हणाली. "विचार त्याला, किती भरली."

मी खालून हाक मारली. बऱ्याच वर्षांनी त्या चौकात मी एवढ्या मोठ्याने ओरडले असेन. त्याने कठड्यावरून वाकून पाहिलं.

"अजून चालू आहे, ताई," तो म्हणाला, आणि टेप ओढत पुढच्या खांबाकडे गेला.